डेल्फाच्या नावाची बंदूक

माझ्या मेहुण्याने, व्हर्लिनने, ती बंदूक आपल्या पोरीच्या, डेल्फाच्या हातात दिली ती माझ्याच शेडमध्ये. ऑक्टोबरातला रविवार होता. चर्च आटोपून सगळे माझ्याकडे जेवायला आले होते, कारण डेल्फाचा वाढदिवस होता आणि माझी बहीण ट्वायला हिच्या घरातलं ओव्हन बंद पडलं होतं. मी शिकाऱ्यांना हरणं सोलून कापून देते. नवरा होता तेव्हा दोघं मिळून करायचो, आता मी एकटीच करते. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे शेड धुऊनपुसून स्वच्छ होतं. मांस कापायच्या लांब टेबलावरच चादर अंथरून आम्ही जेवायला बसलो. चिकन, मक्याचा पाव, भेंडी तळलेली, आणि ट्वायलाने केलेला खोबऱ्याचा केक.

केक कापून झाल्यावर व्हर्लिन ट्रककडे गेला आणि पडद्याच्या दांड्या येतात तसला लांबट खोका घेऊन आला.

"उघड," तो म्हणाला.

डेल्फाने उघडलं. आत तीस-तीस काडतुसाची रायफल होती, जुनी पण तेल लावून चकचकीत केलेली. दस्त्यावर तापल्या सळईने नाव जाळून काढलं होतं. डेल्फा. अक्षरं थोडी वाकडी आली होती.

"पप्पा! माझी?"

"नाव वाचता येतं ना? मग कुणाची असेल?" व्हर्लिन हसला आणि तिच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की ती टेबलाला धरून सावरली. "ताई, आता आमच्या घरात दोन पुरुष झाले बघ."

आमच्या डोंगरात यात नवल काहीच नाही. मला माझी मिळाली तेव्हा मी डेल्फापेक्षाही लहान होते. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या ट्रकमध्ये मागच्या काचेवर बंदुका टांगलेल्या असतात. डेल्फाचा नेम लहानपणापासून चांगला होता. खांबावर ठेवलेला डबा ती लांबून पाडायची आणि मग लाजायची. उंच, हडकुळी, केस कंबरेपर्यंत, बोलणं कमी. आईसारखी. ट्वायलाचं उजवं मनगट वाकडं बसलेलं आहे. ते कसं मोडलं हे मी एकदाच विचारलं होतं. "पायरीवरून पडले, ताई," ती म्हणाली. तिच्या घराला पायरी नाही.

व्हर्लिनच्या शेजारी आर्विल प्रूइट राहायचा. म्हातारा, पूर्वी लाकूडतोडीवर होता, दंड अजून माझ्या मांडीएवढे. तो आणि त्याची बायको नेव्हा, आणि तीन शिकारी कुत्रे. दोघांच्या जमिनीच्या मध्ये एक झरा आहे, आणि झरा कुणाच्या बाजूला यावरून बरीच वर्षं चाललं होतं. व्हर्लिनने कुंपण घातलं, आर्विलने तारा कापल्या. व्हर्लिनने दाणापेंडीच्या दुकानासमोर आर्विलचे दोन दात पाडले. आर्विल रक्त थुंकत पोती ट्रकमध्ये भरत राहिला आणि म्हणाला, "तारा पुन्हा कापीन." कापल्याही. त्यात त्याची कुत्री हरणांच्या मागे धावत व्हर्लिनच्या रानात शिरायची. हंगाम तोंडावर आला की व्हर्लिनचं डोकं त्यावरून आणखी फिरायचं.

पुढचं मी डेल्फाकडून ऐकलं, काही एकदम, काही तुकड्यातुकड्यांत, बऱ्याच उशिरा.

वाढदिवसानंतर थोड्या दिवसांनी बापलेक झऱ्यावर नेमाचा सराव करायला गेले होते. तेवढ्यात आर्विलची लाल कुत्री झुडपातून बाहेर आली, पाणी प्यायला. शेपटी हलवत उभी राहिली. डेल्फा तिला ओळखत होती. शाळेची बस यायची तिथे ती रोज पोरांचे डबे हुंगायची.

"मार," व्हर्लिन म्हणाला.

"पप्पा, ती आर्विलकाकांची आहे."

"माझ्या रानात आहे. मार."

"तिने काही केलं नाही."

व्हर्लिनने तिची मान मागून धरली, कोंबडी धरतात तशी. "बंदूक काय भिंतीवर लावायला दिली? हरीण दिसल्यावरही असंच रडणार? मार म्हटलं ना!"

तिने मारली. नेम हलला, गोळी पाठीमागे कंबरेत लागली. कुत्रीचे मागचे पाय गेले. ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत यांच्याकडेच यायला लागली. पळून गेली नाही. माणसं दिसतात म्हणून यांच्याकडेच, विव्हळत. व्हर्लिन हात बांधून उभा राहिला.

"अर्धवट काम सोडायचं नाही. जवळ जा आणि संपव."

डेल्फा जवळ गेली. कुत्रीने तिचा बूट चाटला, असं तिने मला सांगितलं. मग तिने डोक्यात गोळी घातली. व्हर्लिनने कुत्रीला पायाने ढकलून ओहोळात लोटलं आणि घरी येऊन ट्वायलाला म्हणाला, "पोरीचा नेम सुधारायला हवा."

हंगामाच्या पहिल्या दिवशी शेतातली दहिवराची पांढरी चादर अजून उठायची होती. डेल्फा झाडावरच्या मचाणावर होती आणि व्हर्लिन खाली, कुंपणाजवळच्या ओकाला टेकून. उजाडल्यावर डोंगरापलीकडून बार ऐकू येऊ लागले. पहिल्या दिवशी आमच्याकडे सगळं रानच वाजत असतं. म्हणूनच बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नारिंगी बंडी घालतो. आर्विलनेही घातली होती. डेल्फाला तो लांबूनच दिसला, पानं झडलेल्या झाडांमधून वर चढत येणारा नारिंगी ठिपका. हातात बंदूक नव्हती. एका हातात तारा कापायची पक्कड होती आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा.

तो सरळ व्हर्लिनपुढे आला आणि पट्टा त्याच्या छातीवर फेकला.

"गिधाडं घिरट्या घालत होती म्हणून सापडली. कुणी मारली?"

"पोरीला विचार," व्हर्लिन म्हणाला. वर बघून ओरडला, "खाली ये गं!"

डेल्फा बंदूक घेऊन खाली उतरली. आर्विलने तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, तू मारलीस?"

तिने होकारार्थी मान हलवली. 

म्हाताऱ्याने हातातली पक्कड खाली केली. मग म्हणाला, "तुला मारायला लावली. तुझ्यावर राग नाही माझा." आणि व्हर्लिनकडे वळला. "तुला रे? साधं कुत्रं मारायचं तर पोरगी लागते होय? बाकी घरात बायकोवर हात चालतो म्हणे."

व्हर्लिनने ठोसा मारला. आर्विलचं नाक फुटलं, पण तो पडला नाही. त्याने पक्कड फिरवली ती व्हर्लिनच्या कानावर बसली, कान अर्धा फाटला. व्हर्लिन गुडघ्यावर आला. आर्विलने आणखी एक लाथ त्याच्या बरगड्यांत घातली आणि तो पालथा झाल्यावर थांबला. धापा टाकत उभा राहिला. मारायचं असतं तर त्याला तिथेच मारता आलं असतं. त्याने वाकून पट्टा उचलला, बाहीने नाक पुसलं आणि उतरणीला लागला.

व्हर्लिन उठला, डेल्फाच्या हातातून बंदूक हिसकावली. ती म्हणाली, "पप्पा, नको," पण ते तिच्या तोंडातल्या तोंडातच राहिलं. बंदुकीचा खटका ऐकून आर्विल मागे वळला आणि गोळी त्याला पोटात लागली. तो झाडाला पाठ लावून बसला, थकल्यासारखा. दोन्ही हात पोटावर. व्हर्लिन चालत जवळ गेला. दुसरी छातीत घातली.

दुसऱ्या डोंगरावर कुणाचा तरी बार झाला, कुणाला तरी हरीण मिळालं असेल.

व्हर्लिन बराच वेळ कान धरून उभा होता. शेवटी म्हणाला, "ऐक. बंदूक कुणाची?"

डेल्फा रडत होती.

त्याने तिच्या तोंडात मारली. "बंदूक कुणाची?"

"माझी."

"नाव कुणाचं आहे वर?"

"माझं."

"मग तू मारलंस. तुला हरीण वाटलं. झुडपात काहीतरी हललं, तू गोळी मारली, मग घाबरून दुसरी मारली. तू पंधरा वर्षांची आहेस, तुला कुणी काही करत नाही. दर वर्षी कुठे ना कुठे असं होतंच. मला मात्र फाशी देतील. बापाला फाशी द्यायचीय तुला? बोल, हरीण वाटलं."

"हरीण वाटलं."

"मोठ्याने."

ती चुकली की तो मारायचा. नीट म्हणेपर्यंत मारलं. मग त्याचं लक्ष बंडीकडे गेलं. एवढी भडक नारिंगी बंडी अंगावर असलेल्या माणसाला कुणी हरीण समजेल होय?

"हात उचल त्याचे," तो म्हणाला.

दोघांनी मिळून बंडी काढली. व्हर्लिनने चेन खाली ओढली, डेल्फाने एकेक हात बाहीच्या भोकातून सोडवला. आणि तेव्हा आर्विलने डोळे उघडले. तो अजून मेला नव्हता. त्याने तिची बाही धरली.

"पोरी," तो म्हणाला, "थंडी वाजते गं."

डेल्फा हे मला सांगताना नेहमी इथे थांबते. पुढचं सांगत नाही. पुढे काय झालं ते कोर्टात आलं, ते असं की व्हर्लिनने तिला ओढून बाजूला केलं आणि म्हातारा जाईपर्यंत दोघं तिथेच वाट बघत राहिले. तोवर व्हर्लिनने कुणाला हाक मारू दिली नाही.

शेरीफचा डेप्युटी गेन्स आला तेव्हा व्हर्लिन जमिनीवर बसून ढसाढसा रडत होता. "माझ्या पोरीचा जन्म वाया गेला," म्हणत होता. कानाचं काय विचारलं तर पळत येताना तारेत अडकलो म्हणाला. डेल्फाचं तोंड सुजलं होतं, ते बंदुकीच्या धक्क्याने, असंही तोच म्हणाला. बंडी तोवर घरामागच्या कचरा जाळायच्या पिंपात जळत होती. गेन्स भला माणूस आहे. त्याचीही पोरगी डेल्फाच्याच वर्गात. त्याने तिच्या खांद्यावर स्वतःचा कोट घातला आणि विचारलं, "काय दिसलं तुला, बेटा?"

"हरीण वाटलं," ती म्हणाली.

सगळ्या खोऱ्याने पोरीची कीव केली. लोक यांच्या घरी शिजवलेलं अन्न घेऊन यायचे, म्हाताऱ्या बायका हिचे हात हातात घ्यायच्या. व्हर्लिनला तर दुकानात, चर्चमध्ये, जिथे जाईल तिथे माणसं जवळ घ्यायची. त्याला ते आवडायला लागलं होतं. मी पाहत होते. दाढी न करता, खांदे पाडून फिरायचा, आणि कुणी "कसं चाललंय?" विचारलं की डोळे भरून यायचे त्याचे.

प्रेत पुरून झाल्यावर नेव्हा प्रूइट कबरीजवळून सरळ डेल्फाकडे आली. ठेंगणी, गोल बाई, डोक्याला काळा रुमाल. लोक बाजूला होऊन बघत होते. तिने पोरीला मिठी मारली.

"मुद्दाम नाही केलंस तू. मला माहीत आहे," ती म्हणाली. मग जरा मागे होऊन तिच्या तोंडाकडे बघत, अगदी साध्या आवाजात: "पण बंडी घातली होती ना गं त्याने? दारात मी स्वतः चेन लावून दिली होती. मी म्हटलं, आज सगळे वेडे रानात आहेत, बंडी घालूनच जा. कुठे गेली ती?"

डेल्फा तिथेच ओकली. व्हर्लिनने तिला उचलून ट्रककडे नेलं. गेन्सने नेव्हाला बाजूला घेतलं आणि समजावलं की दुःखात माणसाला वाटतं आपण असं केलं, तसं केलं. "मला वाटत नाही, मी केलं," नेव्हा म्हणाली. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही.

जजने पोरीचा शिकारीचा परवाना बंद केला आणि तिला बंदूक सुरक्षित कशी हाताळावी याच्या वर्गाला घातलं. एवढंच. ती रायफल शेरीफच्या कपाटात राहिली. डेल्फाने मांस सोडलं. शाळेची बस आर्विलच्या फाटकासमोर थांबायची तेव्हा ती डोळे मिटून बसायची, असं बसवाल्याने मला सांगितलं.

नाताळच्या सकाळी व्हर्लिनने पुन्हा एक लांब खोका आणला.

"जुनी अडकून पडली म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "परवाना मिळेल तेव्हा मिळेल. पोरगी बंदुकीवाचून राहायची नाही माझी."

ही नवी कोरी होती. नाव या वेळी दुकानातून यंत्रावर कोरून घेतलं होतं, मोठ्या, वळणदार अक्षरात. व्हर्लिनला खरंच वाटत होतं की आपण चांगलं काहीतरी करतोय. काडतुसांचं खोकंही त्याने लाल कागदात बांधलं होतं.

"मला नको," डेल्फा म्हणाली.

"काय?"

"नको मला."

"घे गं, बाळा," ट्वायला म्हणाली. ती गरम पावावर रस्सा वाढत होती. "आज नाताळ आहे. पप्पांनी एवढी हौसेने आणलीय."

"आई, आर्विलकाकांना मी मारलं नाही."

ट्वायलाच्या हातातला डाव तसाच राहिला. मला ट्वायलाने पुढे सांगितलं की तिला तेव्हा काहीच नवल वाटलं नाही. पिंपातून निघालेला तो धूर तिने पाहिला होता. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर दोन दिवस होता. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "व्हर्लिन, पोरगी काय म्हणते—"

व्हर्लिनने त्याच नव्या बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर आडवा मारला. जबडा तुटला. दात टेबलावर, रश्श्यात पडले. ती खुर्चीसकट मागे गेली. डेल्फा मागच्या दाराने पळाली, मोजे घालून, बर्फात. सगळ्यात जवळचं घर प्रूइटचं. ती झऱ्यातून तशीच पलीकडे गेली.

माझा फोन वाजला. कुणीतरी घोगऱ्या आवाजात नुसतं "आई, आई" केल्यासारखं करत होतं. मला वाटलं कुणाचं तरी पोर फोनशी खेळतंय. मग कळलं की ते "ताई" म्हणतंय. मी शेरीफच्या कचेरीत फोन केला आणि ट्रक काढला. ट्वायलाच्या दारात गेले तर ती उंबऱ्यावर बसली होती, गळ्यापर्यंत रक्त, आणि हाताने प्रूइटच्या घराकडे दाखवत होती. मी तिच्याजवळ थांबले नाही.

नेव्हाच्या अंगणात मी पोचले तेव्हा व्हर्लिनने डेल्फाला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं होतं. एका हाताला केसांचा वेढा घातलेला, दुसऱ्या हातात नवी बंदूक. पोरीच्या पायातून रक्त येत होतं. नेव्हाने उरलेले दोन्ही कुत्रे सोडले होते, पण ती माग काढणारी जनावरं. नुसती भुंकत गोल फिरत होती. एकाला व्हर्लिनने लाथ मारली, ते केकाटत शेडखाली गेलं.

मी माझी रायफल ट्रकच्या दारावर टेकवून नेम धरला. पण मधे पोरगी होती. तो तिला पुढे धरूनच हलत होता.

"व्हर्लिन, सोड तिला!"

"मधे पडू नकोस, ताई! माझी पोरगी आहे, घरी नेतोय!"

आणि तेव्हा नेव्हा पायऱ्या उतरून त्याच्या दिशेने चालायला लागली. अंगावर घरातला अंगरखा, पायात सपाता, हात रिकामे.

"बंडी कुठाय?" ती म्हणाली.

"म्हातारे, आत जा."

"त्याची बंडी कुठाय?"

"आत जा म्हटलं ना! गोळी घालीन!"

"घाल. बंडी कुठाय सांग आधी."

ती चालतच राहिली. त्याने बंदूक तिच्यावर रोखली, ती नळीला छाती टेकेपर्यंत आली. त्याला काय झालं कोण जाणे, गोळी घालायच्या ऐवजी त्याने नळी आडवी फिरवून तिच्या कपाळावर हाणली. ती बसली. पण तेवढ्यात केसांवरची पकड सैल झाली, आणि डेल्फाने मान हिसडून स्वतःला सोडवलं. एक मोठी बट त्याच्या मुठीतच राहिली, मुळासकट.

लाकडं फोडायच्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेली होती. डेल्फाने ती उपसली. व्हर्लिन वळत होता. तिने मागची बोथट बाजू त्याच्या गुडघ्यावर घातली. तो आवाज मला ट्रकजवळ ऐकू आला. हाडं फोडायचं माझं रोजचं काम आहे, तो आवाज मी लगेच ओळखला. तो कोसळला, पडता पडता बंदुकीचा बार उडाला आणि नेव्हाच्या खिडकीची काच फुटली. तो पालथा पडून बंदुकीकडे हात नेत होता. डेल्फाने दुसरा घाव त्या हातावर घातला. मग कुऱ्हाड फिरवून धारेची बाजू खाली केली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर नेली.

व्हर्लिन तिच्याकडे बघत होता. "मार," तो म्हणाला. "मार की! नाहीतरी माझीच पोर तू!"

"डेल्फा!" मी ओरडले. मी धावत होते पण बर्फात पाय उचलेना.

नेव्हा कपाळ धरून बसल्या जागेवरून म्हणाली, "पोरी, तो मला जिवंत पाहिजे. लोकांसमोर विचारायचंय त्याला."

कुऱ्हाड खाली आली. व्हर्लिनच्या कानाशेजारी बर्फात, जमिनीत रुतली. डेल्फा कुऱ्हाडीशेजारी खाली बसली. नेव्हा सरकत सरकत तिच्यापर्यंत आली, तिचे गारठलेले पाय आपल्या अंगरख्यात घेतले आणि चोळत राहिली. मी त्याची बंदूक उचलली आणि गेन्स येईपर्यंत व्हर्लिनवर रोखून धरली. तो आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारत होता.

कोर्टात तो म्हणाला, पोरगी खोटं बोलते, सगळं तिनेच केलं. पिंपाच्या राखेत बंडीच्या चेनचा तुकडा आणि गुंड्या सापडल्या. तो म्हणाला, त्या कुठल्याही असतील. सरकारी वकिलाने नेव्हाला बोलावलं, आणि तिने तिथे उभं राहून पुन्हा तेवढंच सांगितलं की दारात चेन मी लावली होती. या वेळी ऐकलं सगळ्यांनी. गेन्सची मान खाली होती. व्हर्लिन उरलेला जन्म आत काढील. डेल्फाला पुरावा लपवल्याबद्दल आणि खोटं सांगितल्याबद्दल काही वर्षं जजच्या नजरेखाली राहायची शिक्षा झाली, माझ्या घरी.

ट्वायला त्या सगळ्या दिवसांत व्हर्लिनच्या बाजूच्या बाकावर बसली. जबडा तारांनी बांधलेला, नळीने सूप पीत होती, तरी त्याच्याच बाजूला. मी बाहेर तिला गाठून बोलू नये ते बोलले. तिने पाटीवर लिहावं तसं हवेत बोटाने काहीतरी केलं आणि निघून गेली. नंतर दर रविवारी ती तुरुंगात त्याला भेटायला जायची. दोन तासांचा रस्ता. चर्चसुद्धा सोडलं.

डेल्फा शाळा संपवून माझ्याबरोबरच कामाला लागली. बंदुकीला हात लावत नाही, पण सुरी माझ्यापेक्षा चांगली चालवते. मांस अजून खात नाही. नेव्हाकडे आठवड्यातून एकदा लाकडं फोडून द्यायला जाते. तिथे दोघी काय बोलतात ते मी विचारलेलं नाही.

परवाच्या हंगामातल्या पहिल्या रविवारी शेडबाहेर ट्रकांची रांग लागली होती. बाप आपापल्या पोरांना घेऊन आले होते, पोरांच्या गालांवर पहिल्या शिकारीचं रक्त लावलेलं, खांद्याला नव्या बंदुका. एक बारकी पोरगी आपली बंदूक डेल्फाला दाखवायला धावत आली. डेल्फाने हात पुसले, तिच्या हरणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. बंदूक ट्रकमध्ये ठेवून ये, मग दाखवते कसं सोलतात."

तेवढ्यात ट्वायला दारात आली. अंगावर भेटीला जायचा निळा पोशाख, हातात पैशांचं पाकीट. ती शेडमध्ये सहसा येत नाही. जबडा एका बाजूला बसलेला असल्यामुळे बोलणं अजून जड आहे.

"निघाले होते," ती डेल्फाला म्हणाली. "म्हटलं, काही निरोप असेल तर."

इतक्या रविवारी डेल्फाला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ती खांद्याचा तुकडा कागदात गुंडाळत होती. तिने कागद दुमडला, चिकटवला, वर मांसाचा प्रकार लिहिला.

"नाही गं, आई," ती म्हणाली.

ट्वायला उभी राहिली. पोरं आतबाहेर करत होती, कुणाचा तरी बाप आणखी दोन हरणं येताहेत म्हणून ओरडत होता. मला वाटलं ती आता जाईल. तिने पाकीट खिडकीत ठेवलं, खिळ्यावरचा माझा जुना एप्रन काढला आणि निळ्या पोशाखावर बांधला.

"कागद कुठला घ्यायचा?" तिने विचारलं.

"तो जाड. चकचकीत बाजू आत," डेल्फा म्हणाली आणि टेबलाशी सरकून तिला जागा करून दिली.

दुपार टळेपर्यंत ती गुंडाळत होती. भेटीची वेळ केव्हाच निघून गेली. तिघींपैकी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.